महिन्याला दीडशे किलोमीटर चालणाऱ्या जुन्या पेट्रोल गाडीची देखभाल

प्रश्न थोडक्यात असा आहे: पुण्यात आई-वडिलांकडे २०१२ ची पेट्रोल वॅगन-आर आहे, काटा २९ हजारांवर. भाजी, बँक, दवाखाना एवढाच वापर, एका वेळी दोन-तीन किलोमीटर. गॅरेजवाला म्हणतो, ‘रनिंगच नाही, दोन वर्षांनी या.’ बॅटरी मात्र दोन वर्षं टिकत नाही, ऑइलच्या झाकणाखाली पांढुरका चिकट थर दिसतो आणि गेल्या पावसाळ्यात मागचं चाक जाम झालं होतं. गाडी ठेवावी का, आणि ठेवली तर काय करावं?

खुशाल ठेवा. त्या गाडीतलं के-सिरीजचं एक लिटरचं इंजिन दणकट आहे, त्याला टायमिंग चेन (इंजिनचे व्हॉल्व वेळेवर उघडणारी साखळी) आहे, पार्ट कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. फक्त ‘रनिंग नाही म्हणून झीज नाही’ हे गणित डोक्यातून काढा. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही तक्रारी कमी रनिंगमधूनच आल्या आहेत. अशी गाडी किलोमीटरवर म्हातारी होत नाही. ती महिन्यांवर आणि थंड स्टार्टच्या संख्येवर म्हातारी होते. म्हणून तिचं सर्व्हिसचं वेळापत्रक काट्यावरून न ठरवता कॅलेंडरवरून ठरवायचं.

झाकणाखालचा पांढुरका थर

इथून सुरुवात करू, कारण बाकीचं बरंच काही यातूनच कळतं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास लिटरभर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं. त्यातलं बहुतेक सायलेन्सरमधून निघून जातं, पण थोडी वाफ पिस्टन रिंगांच्या बाजूने निसटून खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या भागात, उतरते. इंजिन पूर्ण तापलेलं असेल तर ही वाफ ऑइलमध्ये थांबत नाही, पीसीव्ही व्हॉल्वमधून (चेंबरमधली वाफ ओढून घेणारी छोटी झडप) ओढली जाऊन बाहेर पडते. इंजिन थंड असेल तर तिचं पाणी होतं, ऑइलमध्ये घुसळलं जातं आणि सगळ्यात थंड जागी, म्हणजे वरच्या झाकणाखाली, चिकटून बसतं.

दुसरी गोष्ट पेट्रोलची. थंड इंजिनला सुरुवातीचे काही मिनिट जास्त पेट्रोल दिलं जातं. त्यातलं थोडं न जळता सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली चेंबरमध्ये जातं. ऑइल पातळ होतं आणि पाण्याबरोबर आम्लही तयार होतं. बेअरिंगांना हे दोन्ही मानवत नाही.

कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी, तापायला शहरात चार-पाच किलोमीटर पुरतात. ऑइल मात्र मागे राहतं. ते ८०-९० अंशांवर यायला बारा-पंधरा किलोमीटर लागतात. म्हणजे भाजी आणायला निघालेली गाडी परत दारात येते तेव्हा ऑइल कोमटच असतं. अशा शंभर फेऱ्या झाल्या तरी ऑइल एकदाही नीट तापत नाही.

आता घाबरायचं कधी? झाकणाखाली थर आहे, पण ऑइलची पट्टी बाहेर काढल्यावर त्यावरचं ऑइल स्वच्छ तपकिरी किंवा काळं आहे, कूलंटची पातळी महिनोन्‌महिने जागच्या जागी आहे, तर हा छोट्या फेऱ्यांचा ओलावा आहे. झाकण पुसा, गाडी लांब न्या, थर विरळ होत जाईल. पट्टीवरचंच ऑइल दुधी झालं असेल, कूलंट कमी होत असेल आणि इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नसेल, तर हेड गॅस्केटची (कूलंट आणि ऑइल वेगळं ठेवणारी इंजिनमधली सील) शंका घ्या आणि गाडी चालवू नका.

आणखी एक खूण लक्षात ठेवा. पट्टीवर ऑइल वरच्या खुणेच्या पुढे चढलेलं दिसलं तर आनंद मानू नका. ऑइल स्वतःहून वाढत नाही, त्यात पेट्रोल मिसळतंय. वास घेऊन पाहा. पेट्रोलचा उग्र वास आला तर तारीख काहीही असो, ऑइल बदला. पट्टी महिन्यातून एकदा, सपाट जागी, सकाळी इंजिन थंड असताना बघायची.

आठवड्यातली एक लांब फेरी

साऱ्या उपायांत हा पहिला, आणि जवळपास फुकटचा. आठवड्यातून एकदा, निदान दहा दिवसांतून एकदा, गाडी सलग अर्धा-पाऊण तास चालली पाहिजे. कोथरूडच्या बाजूला राहत असतील तर रविवारी सकाळी चांदणी चौकातून बायपास धरून देहूरोडपर्यंत जाऊन यायचं. पहिले तीन-चार किलोमीटर हलक्या पायाने, मग तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये इंजिन २५०० ते ३००० आरपीएमवर राहील असं चालवायचं. टॉप गिअरला चाळीसच्या वेगाने रांगत जाण्यात काही अर्थ नाही. वाटेत एसी लावा, ब्रेक दोन-चार वेळा नीट दाबा. या एका फेरीत ऑइलमधलं पाणी आणि बरंचसं पेट्रोल उडून जातं, सायलेन्सर आतून सुकतो, प्लगवरचा कार्बन जळतो, टायर गरम होऊन गोल होतात आणि डिस्कवरचा गंज घासून निघतो.

याउलट, रोज सकाळी गाडी जागेवरच पाच-दहा मिनिटं चालू करून ठेवायची ही घरोघरी दिसणारी सवय आजच बंद करा. जागेवरच्या इंजिनला भार नसतो, त्यामुळे ते फार हळू तापतं. पेट्रोल जास्त जातं, पाणी तयार होतं, सायलेन्सर भिजतो आणि बॅटरीला मिळतं ते नाममात्र. गिअरबॉक्स, ब्रेक, टायर, सस्पेन्शन यांपैकी काहीच हलत नाही. लांब फेरी जमणार नसेल तर गाडी त्या दिवशी चालू न केलेलीच बरी.

घरच्यांना फेऱ्या जोडायलाही सांगा. बँक एका दिवशी, भाजी दुसऱ्या दिवशी असं न करता दोन्ही कामं एकाच फेरीत केली की एक थंड स्टार्ट वाचतो.

ऑइल आणि थर्मोस्टॅट

ऑइल दर सहा महिन्यांनी बदला. आठवड्याची लांब फेरी खरंच पाळली जात असेल तर वर्षातून एकदा पुरेल. काटा तेवढ्यात हजार किलोमीटरच पुढे गेला असला तरी. फिल्टर प्रत्येक वेळी नवा. या इंजिनात फिल्टरसकट तीन लिटरच्या आसपास ऑइल बसतं, म्हणजे खर्च फार नाही. ग्रेड मॅन्युअलमध्ये पाहा. के-सिरीजला सहसा ५डब्ल्यू-३० चालतं. बरेच मेकॅनिक ‘गाडी जुनी झाली, जाड ऑइल टाकू’ म्हणून २०डब्ल्यू-५० सुचवतात. थंड स्टार्टवरच आयुष्य काढणाऱ्या गाडीला हा सल्ला उलटा बसतो, कारण जाड ऑइल वर कॅमशाफ्टपर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि नेमकी त्याच काही सेकंदांत झीज होते.

ऑइल काढायच्या आधी गाडी पंधरा किलोमीटर फिरवून आणायला सांगा. गरम ऑइलबरोबर घाण बाहेर येते, थंड ऑइलबरोबर ती तळाशी राहते. चेंबरच्या नटाचा वॉशर नवा घाला. काढलेल्या ऑइलकडे आणि नटाकडे एकदा स्वतः बघा. नटावर काळा चिखलासारखा गाळ असेल तर पुढचं ऑइल तीन महिन्यांतच बदला, म्हणजे नवं ऑइल गाळ हळूहळू सोडवून नेईल. ‘इंजिन फ्लश’ची बाटली मात्र टाळा. वर्षानुवर्षं साचलेला गाळ एकदम सुटला तर चेंबरमधल्या जाळीत अडकतो आणि ऑइल पंपालाच ऑइल मिळेनासं होतं. याच वेळी पीसीव्ही व्हॉल्व काढून हलवून बघा. आत खुळखुळ आवाज आला पाहिजे. गच्च बसलेला असेल तर नवा टाका, स्वस्त असतो.

आता थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारा व्हॉल्व. आपल्याकडे गाडी एकदा तापली की थर्मोस्टॅट व्हॉल्व काढून फेकायची जुनी खोड अजून आहे. ‘गरम देशात कशाला हवा?’ असा युक्तिवाद असतो. व्हॉल्व नसला की कूलंट पहिल्या सेकंदापासून रेडिएटरमध्ये फिरतं, इंजिन तापायला दुप्पट वेळ लागतो आणि कॉम्प्युटर ते थंडच आहे असं समजून जादा पेट्रोल देत राहतो. रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीचं याहून मोठं नुकसान दुसरं नाही. तपासणी सोपी आहे. सकाळी थंड इंजिन चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला, पंख्यापासून हात लांब ठेवून, अधूनमधून स्पर्श करा. व्हॉल्व ठीक असेल तर पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग थोड्याच वेळात एकदम गरम होतो. सुरुवातीपासून हळूहळू कोमट होत गेला, तर व्हॉल्व उघडा अडकला आहे किंवा मुळात नाहीच. व्हॉल्व आणि त्याची रिंग नवी बसवून घ्या.

कूलंट चार वर्षांत बदललं नसेल तर बदला. तयार मिसळलेलं घ्या, किंवा डिस्टिल्ड पाण्यात अर्धं-अर्धं करा. बोअरचं किंवा नळाचं पाणी अजिबात नको. त्यातल्या क्षारांनी रेडिएटरच्या बारीक नळ्या बुजतात, आणि गंजरोधक संपलं की वॉटर पंप आतून खाल्ला जातो. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, हे घरच्यांनाही सांगून ठेवा.

बॅटरी दोन वर्षांत का जाते

सगळ्यांना वाटतं की सेल्फ मारण्यात बॅटरी संपते. हिशोब करून बघा. निरोगी इंजिन दीड सेकंदात चालू होतं. स्टार्टर तेवढा वेळ १२० अँपिअर ओढतो असं धरलं, तरी खर्च होतो ०.०५ अँपिअर-अवर. गाडी बंद उभी असताना घड्याळ, म्युझिक सिस्टीम, सेंट्रल लॉक, अलार्म हे सगळं मिळून ३० मिलिअँपिअर ओढत असलं, तर दिवसाला ०.७२ अँपिअर-अवर झिरपतात. म्हणजे एका दिवसाचा झिरप चौदा स्टार्टइतका. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी या वेगाने साडेतीन आठवड्यांत अर्ध्यावर येते. दोन किलोमीटरच्या फेरीत सिग्नलवर थांबत, एसीचा पंखा आणि हेडलाइट चालू ठेवून आल्टरनेटर हे भरून काढू शकत नाही. बॅटरी कायम अर्धी भरलेली राहते, प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो, आणि मग ती चार्ज घेतच नाही. दोष बॅटरीच्या कंपनीचा नसतो.

साधा मल्टिमीटर घरात ठेवा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी टर्मिनलवर मोजा: १२.६ किंवा त्याहून जास्त म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी. १२.२ च्या खाली वारंवार जात असेल तर आयुष्य झपाट्याने कमी होतंय. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ यायला हवं. कमी आलं तर आल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट बघा, १४.८ च्या पुढे गेलं तर रेग्युलेटर.

झिरप मोजायचा तर मीटर अँपिअरवर लावून निगेटिव्ह टर्मिनल आणि बॅटरी यांच्या मध्ये जोडा. दारं बंद, किल्ली काढलेली, अर्धा तास थांबा. ५० मिलिअँपिअरच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्याने आकडा पडतो तिथे चोर आहे. बहुतेक वेळा तो नंतर बसवलेला अलार्म, स्टीरिओ किंवा जीपीएस ट्रॅकर निघतो. मीटर अशा जोडणीत असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल.

उपाय म्हणजे चार अँपिअरचा, आपोआप थांबणारा स्मार्ट चार्जर. महिन्यातून एका रात्री लावून ठेवायचा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये प्लग नसेल आणि गाडी तीन आठवडे उभी राहणार असेल, तर निगेटिव्ह टर्मिनल काढून ठेवा. काढताना आधी निगेटिव्ह, लावताना शेवटी निगेटिव्ह. पाणी घालायची बॅटरी असेल तर दर तीन महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर वरच्या खुणेपर्यंत. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा क्षार गरम पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुऊन, कोरडं करून, वर पेट्रोलियम जेली लावा.

पेट्रोल, इथेनॉल आणि टाकी

आता पंपावर मिळतं ते बहुतेक सगळं ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल असलेलं पेट्रोल. २०१२ ची गाडी यासाठी बनवलेली नाही. ई२० ला टिकतील अशा रबर-प्लास्टिकच्या गाड्या एप्रिल २०२३ पासून यायला लागल्या. म्हणून गाडी लगेच बंद पडते असं नाही. होतं असं की पेट्रोलचे रबरी पाइप, ओ-रिंग आणि पंपाची सीलं लवकर कडक होतात किंवा फुगतात, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं. सर्व्हिसच्या वेळी टाकीपासून इंजिनपर्यंतचा प्रत्येक रबरी तुकडा वाकवून बघायला सांगा. चिरा, ओलसरपणा किंवा गाडीजवळ पेट्रोलचा वास यांपैकी काहीही असेल तर इथेनॉलला चालणारा इंधनाचाच पाइप नव्या क्लिपांसह टाका. कूलंटचा किंवा साधा रबरी पाइप इथे चालत नाही.

टाकी ३५ लिटरची आहे. महिन्याला दीडशे किलोमीटर आणि छोट्या फेऱ्यांचं मायलेज दहा-अकरा धरलं तर महिन्याला १४-१५ लिटर लागतात. दर महिन्याला तेवढंच भरा, म्हणजे टाकी अर्ध्याच्या वर राहील आणि पेट्रोल शिळं होणार नाही. पावसाळ्यात टाकी जास्त रिकामी राहू देऊ नका, रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं पाणी होतं. रिझर्व्हवर चालवायची सवय तर नकोच. पंप टाकीतच असतो आणि पेट्रोलनेच गार राहतो. आई-वडील दोन-तीन महिने बाहेरगावी जाणार असतील तर निघताना टाकी पूर्ण भरा, आल्यावर ताज्या पेट्रोलची भर घाला.

‘इंजेक्टर क्लीनिंग’, ‘कार्बन क्लीनिंग’ अशी पॅकेजं प्रत्येक सर्व्हिसला घेऊ नका. आयडलिंग वरखाली होत असेल तर थ्रॉटल बॉडी (इंजिनात हवा सोडणारा भाग) साफ करून घ्या, तिथे काळा थर खरंच बसतो. प्लग वर्षातून एकदा काढून बघा. काळे, कोरडे, काजळी धरलेले असतील तर छोट्या फेऱ्यांचा परिणाम. चार-पाच वर्षं झाली असतील तर तीनही बदला.

ब्रेक, क्लच, टायर

जाम झालेलं मागचं चाक हे पावसाळ्यातलं नेहमीचं दुखणं. मागे ड्रम ब्रेक आहेत. गाडी ओली उभी केली, हँडब्रेक घट्ट ओढला आणि आठवडाभर हलली नाही, की लायनर गंजलेल्या ड्रमला चिकटतो. म्हणून पावसाळ्यात सपाट जागी हँडब्रेक न लावता पहिल्या गिअरमध्ये गाडी ठेवा आणि चाकाला लाकडी ठोकळा लावा. उतारावर हँडब्रेक टाळता येत नाही, तिथे गाडी दर दोन दिवसांनी हलवा. चाक चिकटलंच तर जोरात ॲक्सिलरेटर देऊन ओढू नका, लायनर पत्र्यापासून सुटून येईल. हँडब्रेक सोडून पहिला आणि रिव्हर्स गिअर आलटून पालटून, क्लच हळू सोडत गाडी थोडी पुढे-मागे डोलवा. सुटली नाही तर चाक काढून ड्रमवर रबरी हातोड्याने ठोका.

वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, मागचे दोन्ही ड्रम उघडून साफ करायला सांगा. व्हील सिलिंडरचा रबर थोडा उचलून बघितला की आत ओल दिसते का ते कळतं. ओल म्हणजे गळती सुरू. पुढे कॅलिपरच्या पिना काढून ग्रीस लावायला हवं, नाहीतर एकच पॅड झिजतो.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी, काटा न बघता. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट-३ प्रकारचं नवं ऑइल किमान २०५ अंशांवर उकळतं, पाणी प्यालेल्याची किमान मर्यादा १४० वर येते. सिंहगडाचा घाट उतरताना पेडल स्पंजासारखं लागण्यामागे हेच असतं. शिवाय त्या पाण्याने मास्टर सिलिंडर आतून गंजतो. अर्ध्या लिटरची नवी, सीलबंद बाटली घ्या. उघडून वर्षभर ठेवलेली वापरू नका.

क्लचप्लेटही लांब मुक्कामात फ्लायव्हीलला चिकटते. पेडल दाबूनही गिअर पडत नाही, तेव्हा लोक गिअरबॉक्सला दोष देतात. आठवड्याची फेरी असेल तर हा प्रश्न येत नाही.

टायरची नक्षी बघून फसू नका. २९ हजार किलोमीटरला नक्षी छान असते, रबर मात्र वयाने कडक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर घसरतं. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात: २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. सहा वर्षांनंतर दरवर्षी कडा आणि खाचा बारकाईने बघा, दहा वर्षं हा शेवट समजा. गाडीबरोबर आलेलेच टायर अजून असतील तर चारही बदला, आणि स्टेपनीचा आकडाही वाचा. तो बहुधा २०१२ चाच निघेल. हवा दर पंधरा दिवसांनी, थंड टायरवर, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे. टायरबरोबर रबरी व्हॉल्वही नवे घ्या.

उंदीर, एसी, गंज

उभ्या गाडीचा पुण्या-मुंबईतला खरा शत्रू उंदीर. एअर फिल्टरच्या डब्यात घरटं, वायरिंग कुरतडलेलं, केबिन फिल्टरमध्ये शेंगांची टरफलं. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून टॉर्चने बघा. फिल्टरच्या डब्याच्या आणि ब्लोअरच्या तोंडाला बारीक लोखंडी जाळी बसवून घ्या. फवारे आणि तंबाखूची पानं काही दिवसच काम करतात. गाडीत खाऊचा कणही ठेवू नका. पार्किंगमध्ये कचऱ्याच्या डब्याशेजारची जागा असेल तर बदलून मागा. वायर पूर्ण कापली गेली तर कळतं, पण सेन्सरची वायर अर्धवट कुरतडली तर दोष महिनाभर लपतो. म्हणून अचानक चेक इंजिनचा दिवा लागला तर सेन्सर बदलण्याआधी वायर तपासायला लावा.

एसी थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटं लावा. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं, ते न फिरल्याने शाफ्टचं सील सुकतं आणि गॅस निघून जातो. घर यायच्या दोन मिनिटं आधी एसी बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, कुबट वास येणार नाही.

पावसाळ्यात प्लास्टिकचं पूर्ण बंद कव्हर घालू नका, आतली वाफ अडकून पत्रा सडतो. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची भोकं असतात, ती काडीने मोकळी करा. वायपरखालच्या जाळीतली पानं काढा. तिथलं पाणी तुंबलं की ते ब्लोअरमध्ये आणि पायाखालच्या गालिच्यात उतरतं. गालिचा उचलून खाली हात लावून बघा. कोकणात किंवा मुंबईत समुद्राजवळ गाडी असेल तर पावसाळ्यानंतर खालून स्वच्छ पाण्याने धुऊन घ्या आणि पूर्ण सुकवा. पुण्यात दरवर्षी अंडरबॉडी कोटिंगचा आग्रह झाला तर नाही म्हणा. गंजावरच कोटिंग मारलं तर तो आत वाढत राहतो.

इतर गाड्यांसाठी दोन शब्द

हेच प्रश्न सँट्रो, ८०० सीसीची जुनी अल्टो किंवा १.१ लिटरची आय-टेन असणाऱ्यांना असतील तर एक फरक महत्त्वाचा: या गाड्यांत टायमिंग बेल्ट आहे. बेल्ट रबराचा असतो, वयानेही तुटतो. तो कधी बदलला याची नोंद नसेल आणि गाडी दहा वर्षांची असेल तर ३० हजार किलोमीटरलाही टेन्शनरसकट बदला. सीएनजीच्या गाडीत टाकीतलं पेट्रोल महिनोन्‌महिने शिळं होत पडतं, म्हणून आठवड्याची फेरी पेट्रोलवर करा. गॅसच्या सिलिंडरची हायड्रो टेस्ट (दाबाची तपासणी) दर तीन वर्षांनी लागतेच. बीएस-६ डिझेल छोट्या फेऱ्यांसाठी मुळात घेऊच नये. धुराचा फिल्टर साफ व्हायला लांब, गरम फेरी लागते, ती मिळाली नाही की तो तुंबतो.

आता आधी काय करायचं

पहिल्या भेटीत ऑइल व फिल्टर, थर्मोस्टॅटची तपासणी, ब्रेक ऑइल, मागचे ड्रम आणि पेट्रोलचे रबरी पाइप, एवढंच. टायर जुने असतील तर ते याच्याही आधी. पुढच्या सहा महिन्यांत कूलंट, प्लग, एअर फिल्टर आणि कधीच बदललं नसेल तर गिअरबॉक्सचं ऑइल. सस्पेन्शनचे बुश आणि इंजिनची माउंटिंगं आवाज किंवा थरथर आली की बघायची. रबर आहे, वयाने जाणारच. बिलावर काटा आणि तारीख दोन्ही लिहून घ्या.

विमा घेताना किलोमीटरवर हप्ता ठरणारी सोय विचारा, २०२२ पासून ती उपलब्ध आहे आणि तुमच्यासारख्या वापराला फायद्याची पडते. २०१२ च्या नोंदणीची पंधरा वर्षं २०२७ मध्ये पूर्ण होतील. मुदत संपायच्या आधीच्या साठ दिवसांत फॉर्म २५ भरून नूतनीकरणाला लागा. त्यासाठी गाडीची तपासणी होते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि पुढची मुदत पाच वर्षांची मिळते. नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट अजून बसवली नसेल तर तीही बसवून घ्या.

पीयूसीला घरातून थेट जाऊ नका. पुण्यातली २०१२ ची गाडी बीएस-४ आहे, तिची आयडलिंगवरची मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर अडीचशे-तीनशे अंशांवर गेल्याशिवाय नीट काम करत नाही, त्यामुळे थंड गाडी विनाकारण नापास होते. रविवारची लांब फेरी संपवून परत येताना वाटेतच पीयूसी करा, आणि तिथे रांग असली तरी इंजिन बंद करू नका.